विषयांतर की विषय?

खंडाळा म्हटले की परक्या माणसाच्या डोळ्यांपुढे लोणावळ्याशेजारचे, पावसाळ्यात धबधब्यांनी गाजणारे हवेचे ठिकाण उभे राहते. आमचे खंडाळे ते नव्हे. ते सातारा जिल्ह्यातले, खंबाटकी घाटाच्या उत्तर पायथ्याशी वसलेले. येथे हवा खावयास कोणी येत नाही. पुण्याहून साताऱ्याकडे व साताऱ्याहून पुण्याकडे अहोरात्र धावणाऱ्या मोटारी आम्हांस ओलांडून जातात आणि त्या मोटारींकडे पाहत आमची मुले वाढतात. अशा ठिकाणच्या मुलांस एकदा महानगर दाखवून आणावे, असे एखाद्या शिक्षकास वाटले तर त्यात वावगे काही नाही. उलट त्याचे कौतुकच करावयास हवे. तेव्हा आमचा वाद सहलीशी नाही. सहलीत काय पाहावयाचे याविषयी तो आहे. आणि तो एका वहीच्या समासात लाल शाईने लिहिलेल्या एका शब्दावरून उत्पन्न झाला आहे.

हकीकत अशी. गेल्या हिवाळ्यात आमच्या तालुक्यातील एका विद्यालयाची नववीतली मुले ‘नगररचनेचा अभ्यास’ या मथळ्याखाली दोन दिवस मुंबईस जाऊन आली. परत आल्यावर त्यांच्याकडून निबंध लिहून घेण्यात आले आणि पारितोषिक ठरविण्यासाठी त्या वह्या प्रस्तुत लेखकाकडे आल्या. एकूण त्रेचाळीस वह्या. पण बेचाळीस वह्यांत निबंध एकच! समुद्रावरचा पूल, काचेच्या इमारती, भुयारी रेल्वे, विजेचा लखलखाट. आणि शेवटी, ‘आपले गावही एके दिवशी असे व्हावे’ ही इच्छा. मुलांचा दोष नाही. गाडीच्या खिडकीतून जे दाखविले गेले तेच त्यांनी लिहिले.

त्रेचाळिसावी वही एका मुलीची होती. तिनेही पुलापासूनच आरंभ केला होता. पण पुढे तिने लिहिले होते की, मुक्कामाच्या जागी तिचा मामा तिला भेटावयास आला. तो पंचवीस वर्षे मुंबईत हमालीचे काम करतो. कोणत्या रस्त्याने आलात, असे त्याने विचारले. तिने पुलाचे वर्णन केले. मामा हसून म्हणाला, ‘मी तो पूल लांबूनच पाहिला आहे. त्यावर चालत जाता येत नाही, दुचाकीला बंदी आहे, रिक्षालाही बंदी आहे.’ आणि मग त्या मुलीने एक साधे वाक्य लिहिले होते : ‘तर मग तो पूल कोणासाठी बांधायचा हे कोणी ठरवले, ते आम्हांला सांगितले नाही.’ या वाक्याखाली रेघ मारून समासात कोणी तपासनिसाने लिहिले होते : ‘विषयांतर’.

आम्ही त्या मुलीस पहिले पारितोषिक दिले. त्यावर पारितोषिक समितीत वाद झाला. समितीचे एक सन्माननीय सभासद सज्जन आहेत, विद्यालयासाठी पदरमोड करणारे आहेत. त्यांचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही. त्यांनी आमच्या निर्णयावर तीन आक्षेप घेतले. पहिला असा की, सहल ही मुलांच्या मनात उमेद निर्माण करण्यासाठी असते. त्यांस शहराची भव्यता दाखवावी, उणी काढावयास शिकवू नये. दुसरा असा की, नगररचना हे इंजिनिअरांचे शास्त्र आहे. चौदा वर्षांच्या पोरीने आणि तिच्या हमाल मामाने त्यात काय बोलावे? आणि तिसरा असा की, आपण खेड्यातली माणसे; शहरे कशी रचावीत ही चिंता शहरवाल्यांची, आपली नव्हे. हे आक्षेप त्या एकट्या गृहस्थांचे असते तर ते समितीच्या खोलीतच सोडून दिले असते. परंतु आपल्या सुशिक्षित घरांतून हीच तीन मते रूढ आहेत असा आमचा अनुभव आहे. म्हणून त्यांस येथे जाहीर उत्तर देणे भाग आहे.

भव्यतेचा आक्षेप प्रथम घेऊ. मुंबईत भव्य असे पुष्कळ आहे व ते पाहून मुलांचे डोळे दिपले तर त्यात पाप नाही. परंतु ‘नगररचना’ हा शब्द मथळ्यावर लिहिल्यावर भव्यता दाखवून चालत नाही. ती रचना कशातून निघाली ते दाखवावे लागते. मुंबईची आधुनिक नगररचना भव्यतेच्या हौसेतून निघालेली नाही. ती मरणातून निघाली. १८९६ साली मांडवी बंदराच्या वस्तीत ग्रंथिक ज्वराची, म्हणजे प्लेगची, साथ सुरू झाली, डॉ. व्हिएगस यांनी तो रोग ओळखला. काळोख्या, कोंदट चाळींतून माणसे किड्यामुंग्यांप्रमाणे मेली, हजारो लोक शहर सोडून पळाले, व्यापार बसला. तेव्हा १८९८ साली कायदा होऊन ‘इंप्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. दाट वस्त्या फोडून समुद्राची हवा आत घ्यावयाची, रुंद रस्ते काढावयाचे, नव्या जागी आखीव वसाहती वसवावयाच्या, हे त्याचे काम. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड आणि मोहमदअली रोड हे रस्ते त्याचेच.

आता आमच्या तालुक्यातील मुलांस या गोष्टीशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. त्यास उत्तर असे की, हीच साथ पुढे पुण्यात पसरली आणि तेथे रोग्यांची शुश्रूषा करता करता १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले मृत्यू पावल्या. त्या सावित्रीबाई आमच्याच खंडाळा तालुक्यातील नायगावच्या. ३ जानेवारी १८३१ चा त्यांचा जन्म. दरवर्षी जानेवारीत आमची मुले नायगावास जाऊन त्यांच्या पुतळ्यास हार घालतात. ज्या रोगाने त्या गेल्या त्याच रोगाने या देशात नगररचनेच्या कायद्याला जन्म दिला, हे मात्र त्या मुलांस कोणी सांगत नाही. शहराची रचना म्हणजे कोणाच्या खोलीत ऊन येते आणि कोणाच्या येत नाही, कोणाचे मूल जगते आणि कोणाचे दगावते, हा प्रश्न. हे त्या एका वर्षाच्या इतिहासातून जितके स्पष्ट होते तितके शंभर उंच इमारती पाहून होणार नाही. आमच्या मते उमेद यातूनच उत्पन्न व्हावी. जे माणसांनी बिघडविले ते माणसांस सुधारता येते, याहून मोठी उमेद ती कोणती?

आणि उणी काढण्याविषयी म्हणाल तर, ट्रस्टचे श्रेय आम्ही नाकारीत नाही. दादर-माटुंगा भागातील सावलीचे रस्ते, पाच बागा, हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी ही त्याच्याच आखणीची फळे. आजही तेथून चालताना माणसास बरे वाटते. पण त्याच ट्रस्टने गरिबांची घरे पाडली अधिक आणि बांधली कमी, ही तक्रार त्या काळापासूनच चालत आली आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत व दोन्ही मुलांस दाखविल्या पाहिजेत. साताऱ्याच्या शाळेत १९०० साली ज्यांचे नाव नोंदले गेले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर पुढे मुंबईत परळच्या ट्रस्टच्याच चाळीत राहिले, कोलंबिया आणि लंडन येथील पदव्या घेऊन आल्यावरही अनेक वर्षे तेथेच राहिले आणि नंतर त्यांनी हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधले. परळची ती चाळ आणि दादरचे ते घर यांतील अंतर फार नाही. पण एका तासात दोन्ही पाहणाऱ्या मुलास त्या एकाच संस्थेने शहराचे दोन भाग कसे कल्पिले होते ते समजेल. एका भागात एका खोलीत कुटुंब, दुसऱ्या भागात पुस्तकांसाठी स्वतंत्र दालन. याला उणी काढणे म्हणत नाहीत. याला पाहणे म्हणतात.

आता दुसरा आक्षेप. नगररचना हे इंजिनिअरांचे शास्त्र आहे, इतरांनी त्यात तोंड घालू नये, हे मत वरवर फार विनयशील दिसते. वस्तुतः ते फार घातक आहे. पूल किती वजन पेलील हा प्रश्न इंजिनिअरांचा, हे कबूल. परंतु पूल कोठे हवा, किती रुंद हवा, कोणासाठी हवा आणि त्याच्या आधी दुसरे काय हवे, हे प्रश्न गणिताने सुटणारे नाहीत. ते हिताहिताचे प्रश्न आहेत, आणि ज्याचे हित गुंतले आहे त्या प्रत्येकाचा त्यांत अधिकार आहे.

एक उदाहरण देतो. ते मुंबईचे असले तरी आम्हा सातारकरांस परके नाही. लालबाग-परळच्या कापडगिरण्यांत घाम गाळणारी माणसे कोकणातून आली तशी आमच्या घाटमाथ्यावरूनही आली. १८ जानेवारी १९८२ रोजी तेथे संप सुरू झाला; सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संप फसला, गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, आणि त्यांच्याखालची सुमारे ६०० एकर जमीन शहराच्या ऐन मध्यभागी मोकळी होण्याच्या बेतात आली. अशी संधी महानगरास शतकातून एकदा येते. १९९१ च्या नियमांनी ठरविले की, जमिनीचा पुनर्विकास करावयाचा तर एक तृतीयांश भाग महापालिकेस मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश सरकारी गृहनिर्माणासाठी आणि उरलेला मालकास. पुढे २००१ साली या नियमात बदल झाला. वाटणी साऱ्या जमिनीची न करता केवळ रिकाम्या जमिनीची करावयाची, असे ठरले. गिरण्यांच्या आवारांत इमारतीच अधिक, रिकामी जमीन थोडी. त्यामुळे शहराच्या वाट्यास तुकडे आले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २००६ साली तो बदल कायम झाला. या साऱ्यात इंजिनिअरांचे शास्त्र कोठे आले? एका नियमातील दोन-चार शब्द बदलले, इतकेच. पण त्या दोन-चार शब्दांनी बागा, मैदाने आणि कामगारांची घरे आक्रसली.

पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. गिरण्यांच्या जागी कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिले. जेथे पूर्वी शेजारच्या चाळींतून माणसे चालत कामावर येत, तेथे आता लांबलांबच्या उपनगरांतून लाखो माणसे आगगाडीने येऊ लागली. मनोरे वाढत गेले, पण स्टेशनाचा जिना होता तेवढाच राहिला. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी पाऊस आला, परळ व एल्फिन्स्टन रोड ही स्थानके जोडणाऱ्या अरुंद पादचारी पुलावर माणसे आडोशाला थांबली, मागून येणाऱ्यांचा लोंढा थांबेना, आणि चेंगराचेंगरीत २३ माणसे गुदमरून मेली. ती कचेरीस निघालेली, डबा घेतलेली, घरी कोणीतरी वाट पाहत असलेली माणसे होती. त्यानंतर लष्कराने तेथे नवा पूल उभा केला. फेब्रुवारी २०१८ मध्ये तो खुलाही झाला. म्हणजे पूल बांधण्याचे शास्त्र अवगत होते, साहित्य होते, माणसे होती; काम काही महिन्यांचे होते. उणीव होती ती एकाच गोष्टीची : इतके मनोरे उभे राहत आहेत तर त्यांत काम करणारी माणसे येणार कोठून व चालणार कोठून, हा प्रश्न वेळेवर विचारून त्याचे उत्तर पदरात पडेपर्यंत स्वस्थ न बसणाऱ्या माणसांची. आमच्या त्रेचाळिसाव्या वहीतला प्रश्न नेमका त्याच जातीचा आहे. त्याला ‘विषयांतर’ म्हणणाऱ्यांनी त्या २३ जणांचे स्मरण करावे.

शिवाय कायदाही आमच्या बाजूस आहे. महाराष्ट्राच्या १९६६ च्या नगररचना कायद्यानुसार शहराचा विकास आराखडा मंजूर होण्यापूर्वी त्याचा मसुदा प्रसिद्ध करावा लागतो आणि त्यावर लोकांच्या हरकती व सूचना मागवाव्या लागतात. हरकत घेणारा पदवीधर असावा, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. मुंबईच्या नव्या विकास आराखड्याचा मसुदा २०१५ साली प्रसिद्ध झाला तेव्हा लोकांनी हरकतींचा असा भडिमार केला की सरकारास तो मागे घेऊन दुरुस्त करावयास लावावे लागले. तेव्हा हमालाने बोलू नये हे कायद्याचे म्हणणे नव्हे. ते आपल्या पांढरपेशा संकोचाचे म्हणणे आहे. नगररचनेत आपल्याला काय कळते, असे म्हणून आपण सारे गप्प बसतो, आणि ज्यांस आपला नफा कळतो ते मात्र कधीच गप्प बसत नाहीत.

या शास्त्राचे जे मोठे आचार्य आपल्या देशात येऊन गेले त्यांचेही मत असेच होते. पॅट्रिक गेडीस हे मूळचे वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक. १९१४ साली ते हिंदुस्थानात आले. त्यांच्या नगरप्रदर्शनाचे साहित्य घेऊन येणारे जहाज जर्मनांच्या ‘एम्डेन’ युद्धनौकेने बुडविले, तरी त्यांनी नवे साहित्य जमवून प्रदर्शन भरविलेच. १९१९ ते १९२४ या काळात ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र यांचे प्राध्यापक होते. त्यांचा पहिला नियम असा की, आराखड्याच्या आधी पाहणी. आणि पाहणी म्हणजे नकाशावर बोट फिरविणे नव्हे, तर गल्लीतून पायी हिंडणे, विहीर पाहणे, झाड पाहणे, माणसांशी बोलणे. जुन्या वस्तीतून सरसकट रुंद रस्ते फाडून नेण्यास त्यांचा विरोध असे; कसबी शल्यवैद्याप्रमाणे नेमके दुखरे तेवढेच कापावे आणि बाकीचे जपावे, असे ते सांगत. होळकरांच्या इंदुरात प्लेगाच्या दिवसांत त्यांनी नुसते अहवाल लिहिले नाहीत. दिवाळीच्या सुमारास मोठी मिरवणूक काढली आणि लोकांनी आपापल्या गल्ल्या झाडून स्वच्छ कराव्यात यासाठी मिरवणुकीचा मार्गच आमिष म्हणून वापरला. लोकांच्या सहभागावाचून शहर सुधारत नाही, हे ज्यास कळले होते त्याने ते असे सिद्ध केले. गेडीस आज आमच्या विद्यालयाच्या गाडीत असते तर समुद्रावरच्या पुलावरून त्यांनी गाडी वळविली असती, असे आम्ही म्हणत नाही. पण त्यांनी मुलांस त्या मामाबरोबर त्याच्या खोलीपर्यंत पायी नेले असते, याविषयी आम्हांस शंका नाही.

राहिला तिसरा आक्षेप. आपण खेड्यातली माणसे, शहरांची चिंता आपण का करावी? आमच्या मते तिन्हींत हाच अधिक भयंकर, कारण तो डोळे मिटून घेतलेला आहे. शहर आता मुंबईस राहिलेले नाही. ते नीरा ओलांडून अलीकडे आले आहे. शिरवळच्या आसपास, केसुर्डीच्या माळावर, औद्योगिक वसाहत उभी राहिली. जेथे ज्वारी-बाजरीची शेते होती तेथे कारखान्यांची छपरे आहेत. जेथे माणशी एक घर होते तेथे आता एका घरात पाच बिऱ्हाडे भाड्याने राहतात. खंडाळा आणि लोणंद येथे नगरपंचायती झाल्या. ज्या मुलांनी ‘आपले गाव असे व्हावे’ म्हणून लिहिले त्यांची इच्छा फळास येऊ घातली आहे. पण त्यांनी मुंबईतले जे पाहिले ते आधी येत नाही. काचेच्या इमारती शेवटी येतात. आधी येते ती दाटी, गटार, पाण्याची ओढ आणि अपघात.

अपघाताचे आम्ही उगाच म्हणत नाही. खंबाटकीचा बोगदा ओलांडून पुण्याच्या बाजूस उतरताना इंग्रजी ‘एस्’ अक्षरासारखे जे वळण लागत आले, ते आमच्या तालुक्यात कोणास ठाऊक नाही? २०१८ च्या एप्रिल महिन्यात त्याच वळणावर मजुरांनी भरलेली गाडी उलटली आणि १८ माणसे जागच्या जागी ठार झाली. ती माणसे विजापूरकडची होती आणि कामासाठी शिरवळच्या औद्योगिक वसाहतीकडे निघाली होती. परळच्या पुलावरचे २३ आणि खंबाटकीच्या वळणावरचे हे १८ यांच्यात फरक काय? दोन्हीकडे काम वाढले आणि त्या कामापर्यंत पोहोचण्याची सुरक्षित वाट वाढली नाही. दोन्हीकडे कारखान्याला वा कचेरीला जमीन मिळाली, पण त्यांत राबणाऱ्या माणसाने राहावे कोठे व यावे कसे, हे कोणाच्या कागदावर नव्हते. मुंबईस जे घडावयास शंभर वर्षे लागली ते आमच्या दारात वीस वर्षांत घडू लागले आहे. अशा वेळी नगररचना हा विषय आपला नव्हे असे म्हणणे म्हणजे पाणी उंबऱ्याशी आल्यावर पूर नदीचा आहे, घराचा नव्हे, असे म्हणण्यासारखे आहे.

आणि गंमत अशी की, आमच्या लोकांस नगररचनेचे ज्ञान नाही हेही खरे नाही. शिरवळची जुनी दगडी पाणपोई पाहावी. वाटसरू कोठे थकेल, त्यास सावली आणि पाणी कोठे लागेल, याचा विचार ती बांधणाऱ्याने केला होता. आज लाखो वाहने धावणाऱ्या हमरस्त्यावर पायी चालणाराचा तेवढा विचार झालेला दिसत नाही. लोणंदचे उदाहरण तर याहून मोठे. दरवर्षी आषाढी वारीच्या दिवसांत ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरास्नान करून आमच्या जिल्ह्यात येते आणि लोणंदास मुक्काम करते. लाखो माणसांचे एक शहर तेथे एका दिवसात उभे राहते आणि निघताना आपल्याबरोबर गुंडाळून नेते. प्रत्येक दिंडीस क्रमांक असतो. रथापुढे किती, रथामागे किती, हे ठरलेले असते. तंबू कोठे, चूल कोठे, पाण्याचा टँकर कोठे, आजाऱ्याची सोय कोठे, हे ठरवावे लागते. ज्या वर्षी ते नीट ठरत नाही त्या वर्षी घाण होते, रोगराई होते, गावास महिनाभर त्रास होतो. नगररचनेचे सारे प्रश्न एका मुक्कामात समोर येतात. ते पाहावयास आमच्या मुलांस तिकीट काढावे लागत नाही. पण आजवर एकाही विद्यालयाने ‘नगररचनेचा अभ्यास’ म्हणून मुलांस वही-पेन्सिल देऊन लोणंदच्या तळावर पाठविल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

येथे कोणी म्हणेल की, टीका करणे सोपे. मग सहल काढावी तरी कशी? रास्त प्रश्न आहे व त्याचे उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे. सहलीच्या आधी एक महिना मुलांनी स्वतःच्या गावाची पाहणी करावी : पिण्याचे पाणी कोठून येते, सांडपाणी कोठे जाते, हमरस्ता कोण कोठे ओलांडतो, कामासाठी आलेली परगावची माणसे कोठे व किती भाड्याने राहतात, आणि मुलांस खेळावयास सार्वजनिक जागा किती उरली आहे. यास टेप, वही आणि दोन पाय पुरतात. मग मुंबईस जावे, आणि ठिकाणे थोडी पण निवडक घ्यावीत. परळची ट्रस्टची चाळ व दादरची हिंदू कॉलनी एका सकाळी. दुपारी वरळीच्या ‘बीडीडी’ चाळी. १९२० च्या दशकात सरकारने वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी येथे मिळून अशा २०७ चाळी बांधल्या. प्रारंभी त्यांतील कितीएक खोल्या कामगारांनी घेतल्याच नाहीत, कारण ज्यांच्यासाठी बांधल्या त्यांस विचारून त्या बांधल्या नव्हत्या. आता त्यांच्या जागी मनोरे उठत आहेत आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या पहिल्या काही कुटुंबांस नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. त्या कुटुंबांस मुलांनी विचारावे : काय मिळाले, काय गेले? संध्याकाळी परळच्या पुलावर दहा मिनिटे एका कडेला उभे राहून किती माणसे जातात ते मोजावे. आणि समुद्रावरचा पूलही अवश्य पाहावा. पण तो मामाला बरोबर घेऊन, किनाऱ्यावरून पाहावा.

परत आल्यावर निबंध नकोच. त्याऐवजी मुलांनी आपल्या नगरपंचायतीस वा ग्रामपंचायतीस उद्देशून एक अर्ज लिहावा, आपल्या पाहणीतील एका दोषाविषयी. आणि त्याचे उत्तर येईपर्यंत दर महिन्यास आठवण द्यावी. कदाचित उत्तर येणार नाही. तरी चौदाव्या वर्षी ज्यास अर्ज करावयाची सवय लागली, तो चाळिसाव्या वर्षी आराखडा प्रसिद्ध झाल्यावर हरकत नोंदवावयास विसरणार नाही. असे शंभर नागरिक एखाद्या तालुक्यात निघाले तर तो तालुका शहर झाला तरी त्यास शहराची भीती नाही.

आक्षेप घेणाऱ्या सन्माननीय सभासदांस आमची विनंती इतकीच की, पारितोषिक परत घ्यावयाचे असेल तर खुशाल घ्यावे. ते एका पुस्तकाचे आहे आणि ते पुस्तक आम्ही त्या मुलीस आमच्या पदरचे देऊ. परंतु त्याआधी त्यांनी तिच्या प्रश्नाचे उत्तर द्यावे. पूल कोणासाठी बांधावयाचा हे कोण ठरवितो? उत्तर ठाऊक नसेल तर तसे वहीत लिहावे, आणि समासातला तो लाल शब्द खोडावा. आमच्या तालुक्यात आणखी पुष्कळ पूल, रस्ते आणि वसाहती व्हावयाच्या आहेत. तो प्रश्न पुन्हा पुन्हा येणार आहे.